नळीतला झेंडू

अल नहदा, शारजा
३ ऑक्टोबर २०२५

सुजीतभावजी,

तुमची खुशाली फोटोत दिसली, म्हणून विचारत नाही.

खंडेनवमीचा फोटो तुम्ही फॅमिली ग्रुपवर टाकलात. चौरंगावर यांची रायफल, शेजारी यांची तसबीर, आणि तुम्ही सोवळं नेसून हात जोडलेले. सगळ्या गोतावळ्याने नमस्काराची चित्रं पाठवली. मी मात्र फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. बोल्टवर ओलं कुंकू. दस्त्यावर हळदीची बोटं. आणि नळीच्या तोंडात देठासकट खोचलेला झेंडू.

भावजी, ती नळी आहे. फुलदाणी नाही.

फोनवर तुम्ही मध्येच आवाज चढवता आणि ग्रुपवर भांडणं मला शोभत नाही, म्हणून कागद घेतला. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या की रागात लिहिलेलं पत्र एक रात्र उशीखाली ठेवावं आणि सकाळी पुन्हा वाचावं. मी ठेवणार नाही. खाली कुरियरवाला बसतो, त्याच्याकडे आत्ताच देणार आहे.

पॉइंट टू टू रायफलची नळी इतकी बारीक असते की शाळेची पेन्सिलही आत जात नाही. आत स्क्रूसारखे पीळ असतात. त्या पिळांत कुंकवाचा कण किंवा पाण्याचा थेंब राहिला तरी गंज धरतो. आणि देठ आत तुटून राहिला, वर कुणी बार काढला, तर गोळी अडते आणि मागचा सगळा दाब नळी फाडायला बघतो. हे तुमच्या दादांनी तुम्हाला शंभरदा सांगितलं असेल. तुम्ही तेव्हा क्रिकेट बघत असाल.

इथे परक्या माणसाला स्वतःची बंदूक घरात बाळगणं सोपं नाही, म्हणून ती कायम कोल्हापुरात राहिली. आम्ही सुट्टीवर आलो की पहिल्या सकाळी हे गच्चीवर सतरंजी टाकून बसायचे. मी इथून चिंध्या कापून न्यायची. यांचे जुने बुशशर्ट धुऊन धुऊन मऊ झाले की त्यांचे चौकोन कापायचे, इस्त्री करायची, बिस्किटांच्या डब्यात भरायचे. हे बोल्ट बाहेर काढून नळीत मागच्या बाजूने सळई घालायचे, एकेक चिंधी ढकलायचे, आणि चिंधी पांढरीशुभ्र बाहेर येईपर्यंत जेवायला उठायचे नाहीत. आई खालून ओरडायच्या, "सूर्या, भात गार झाला!" तो आवाज माझ्या कानात अजून आहे. आणि त्याच बंदुकीवर तुम्ही अक्षता टाकून, चामड्याच्या पिशवीत कोंबून पुढच्या वर्षापर्यंत विसरून जाता. चामडं ओल धरतं. तेही सांगून झालंय.

आता ऐका. यांना जाऊन दीड वर्ष झालं. यांचा परवाना यांच्याबरोबर संपला. हे हयात असताना त्या परवान्यावर सांभाळणारा म्हणून तुमचं नाव होतं. आता ते नाव चालत नाही. रायफल घरात ठेवणं बेकायदा आहे. परवानाधारक दुकानात नेऊन जमा करा. आमची ईशानी जानेवारीत पुण्याला जाणार आहे, ती वारस म्हणून परवान्याचा अर्ज करेल. परवाना तुमच्या नावावर करायला तुम्ही पाठवलेला ना-हरकतीचा कागद माझ्या टेबलावर आहे. मी सही करणार नाही.

छाया

—

कोल्हापूर
११ ऑक्टोबर २०२५

वहिनी,

नमस्कार. तुम्ही वगळलात, मी वगळणार नाही. आमच्याकडे अजून रीत आहे.

चष्मा सापडेना म्हणून तुमचं पत्र स्मिता वाचून दाखवत होती. फुलदाणीपाशी तिचा आवाज बारीक झाला, मग मीच हिसकावून घेतलं. चष्म्याशिवाय वाचलं. इतकं स्पष्ट लिहिलंय तुम्ही.

शस्त्राला फूल वाहायची पद्धत मी काढलेली नाही. आबा वाहत होते, त्यांचे वडील तलवारीला वाहत होते. त्यांच्या वेळी कुणी परदेशातून फोटो मोठा करून चुका काढत नव्हतं. तुम्ही तिकडे एसीत बसून सांगणार, गंज धरतो, ओल धरते. दादाला शेवटचं घरी आणलं तेव्हा विमानतळावर पहाटेपासून कोण उभं होतं? त्याच्या तसबिरीला रोज हार कोण घालतं? मी त्याची वस्तू देवापुढे ठेवली आणि तुम्हाला त्यात फुलदाणी दिसली.

तरी तुमचं समाधान व्हावं म्हणून पत्र आल्या दिवशी साफ केली. फूल काढलं. नळीत वरून खोबरेल ओतलं, भरपूर. पडद्याच्या लोखंडी सळईला चिंधी गुंडाळून तोंडातून आत घातली आणि हात दुखेपर्यंत घासली. आता चकाचक आहे. या, बघा.

राहिली ईशानी. शेवटच्या सुट्टीत दादा गच्चीवर मला म्हणाला, "सुजा, सांभाळ हिला." ईशानीचं नाव त्याने घेतलं नाही. उलट म्हणाला, पोरगी डावरी आहे, ही बंदूक तिच्या हाताची नाही. आणि उद्या तिचं लग्न होणार. आमच्या घरची बंदूक कुणाच्या घरी जाऊन पडणार?

पोलीस ठाण्यातून दोनदा निरोप आलाय की जमा करा. मी माझ्या नावाने अर्ज टाकलाय, तो फक्त तुमच्या सहीसाठी अडलाय. जमा केली की ती कुठल्यातरी फडताळात सडणार, हे तुम्हाला चालतं? दुबईच्या वकिलातीत जा, सही करा, शिक्का मारा आणि पाठवा. बंदुकीतलं तुम्हाला किती कळतं ते मला माहीत आहे. चिंध्या कापून बंदूक कळत नाही वहिनी.

सुजीत

—

अल नहदा, शारजा
१६ ऑक्टोबर २०२५

भावजी,

खोबरेल!

डिसेंबरात कोल्हापुरात बाटलीतलं खोबरेल थिजतं, तुम्ही ते उन्हात ठेवून डोक्याला लावता. तेच आता बोल्टच्या खाचांत थिजणार. आणि लोखंडी सळई, तीही तोंडातून! गोळी नळीतून शेवटी ज्या कडेवरून सुटते ती कड म्हणजे रायफलचा जीव. तिथे एक ओरखडा पडला की कितीही नेम धरा, गोळी आपल्या मनाने जाते. म्हणून तर हे मागून सळई घालायचे. यांनी इतकी वर्षं जपलेली कड तुम्ही एका दुपारी पडद्याच्या सळईने खरवडलीत आणि मला म्हणता या, बघा.

फूल काढलं म्हणता. देठ कुठे आहे? सळईवरची चिंधी सळईबरोबर परत आली का? बोल्ट काढून, नळी उजेडाकडे धरून, मागून पाहिलंत का? आरपार दिसलं का? नसेल पाहिलं तर आत्ता उठून पाहा. आणि तोवर ती कुणीही उडवायची नाही. हे एक वाक्य तरी राग सोडून वाचा.

आता चिंध्यांचं. हो, मी चिंध्या कापल्या. सुरुवातीला तेवढंच करत होते. तेव्हा इथे शुक्रवारची सुट्टी असायची. हे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या फॅक्टरीत आठवडाभर राबून शुक्रवारी पहाटे नेमबाजीच्या क्लबवर जायचे. तिथे क्लबची रायफल मिळते, गोळ्याही तिथूनच घ्यायच्या आणि तिथेच संपवायच्या. मी मागे थर्मास घेऊन बसायची आणि गोळ्यांच्या पाकिटाचे दिरहॅम मनात रुपयांत मोजून हळहळायची. घरी बाल्कनीत हे पडद्याची काठी खांद्याला लावून उभं राहायची सवय करायचे. एकदा समोरच्या टॉवरमधल्या बाईंनी वॉचमनला वर पाठवलं. मी दार उघडून म्हटलं, "साहब पर्दा लगा रहे हैं." तो म्हणाला, "मॅडम, एक घंटे से?"

मग एका शुक्रवारी यांनी मला पुढे बसवलं. म्हणाले, "नुसती बघतेस काय, धर." माझ्या पहिल्या गोळ्या चहाच्या बशीत मावतील एवढ्या जागेत लागल्या. तिथे शाहबाज म्हणून रत्नागिरीचा माणूस आहे, रेंजवर देखरेख करतो. हे ओरडले, "शाहबाज, बघ रे, बायको हाताबाहेर गेली!" तो म्हणाला, "सर, आता भांडताना अंतर ठेवा." त्यानंतर थर्मास यांनी धरायला सुरुवात केली. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण कोल्हापुरात आल्यावर मी स्वयंपाकघरात असायची आणि तुम्ही दोघं गच्चीवर.

"सांभाळ हिला" म्हणाले असतील. परत येऊन घ्यायची असते तीच वस्तू माणूस सांभाळायला देतो. तुम्हाला दिली असती तर "घे" म्हणाले असते.

डावरी असणं म्हणजे आजार नाही. ईशानीचं ईशानी बघेल. मी सही करणार नाही. तुम्ही वकिलातीचा रस्ता मला दाखवू नका, तुमच्याच घरापासून बंदुकीच्या दुकानाचा रस्ता जवळ आहे.

छाया

—

कोल्हापूर
१८ नोव्हेंबर २०२५

ति. छायाताईंना स्मिताचा नमस्कार,

यांना न सांगता लिहितेय. दिवाळीपासून तुम्ही इतके फोन केलेत आणि दर वेळी मी "बाहेर गेलेत" म्हणाले. ते आतच होते. अंधार करून बसलेले.

पाडव्याला ओवाळणं झालं, सगळे जेवून सुपारी कातरत बसले होते. यांच्या मावसभावाने चेष्टा केली, "काय सुजीत, शारजाच्या वहिनी म्हणतात तुला बंदूक कळत नाही!" सगळे हसले. तुमचं पत्र यांनीच त्याला दाखवलं होतं, त्याने तेवढंच उचललं. हे उठले. रायफल घेतली, दादांच्या डब्यातलं एक काडतूस घेतलं आणि मळ्यात गेले. सगळे मागोमाग. मी म्हटलं, ताईंनी आधी आत बघायला सांगितलंय. म्हणाले, "ताईंनी सांगितलं म्हणून तर बघणार नाही."

बांधाकडे नळी करून चाप ओढला. आवाज नेहमीसारखा आला नाही. कुणीतरी बंद खोलीत दार आपटावं तसा आला. आणि हे तोंडावर हात घेऊन खाली बसले. मागच्या बाजूने धूर आणि पितळेची कुसळं डोळ्यात गेली होती. डॉक्टरांना आम्ही फटाका म्हणून सांगितलं. डोळा वाचला, ताई. डाव्या डोळ्याला अजून धूसर दिसतं.

नळी मधोमध फुगली आहे. अंगठी अडकून बोट सुजतं तशी. आत देठ होता की यांची चिंधी, देव जाणे.

एवढं असतं तर मी लिहिलं नसतं. डोळ्याचं दुखणं हे सोसतायत. पण आता दुकानात जमा करायला नेत नाहीत, कारण तिथे विचारतील. काल रात्री म्हणाले, "विचारलं तर सांगेन, दादाच्या वेळचंच आहे. तो काय उठून सांगणार आहे?" मग स्वतःच भिंतीकडे तोंड करून झोपले. दादांनी माझ्या लग्नात मला पहिल्यांदा "सूनबाई, पाणी प्यालात का?" विचारलं होतं. त्या घरात मला विचारणारे ते पहिले. म्हणून मला हे ऐकवलं नाही.

मला काय करावं कळत नाही. तुम्ही रागावा, पण रागावून गप्प बसू नका.

तुमची
स्मिता

—

अल नहदा, शारजा
२७ नोव्हेंबर २०२५

भावजी,

मला सगळं कळलंय. स्मिताला एक शब्दही बोललात तर मी विमानाने येईन.

डोळा वाचल्याचं वाचून मी खुर्चीत बसले आणि देवाचं नाव घेतलं. पुढच्या ओळी वाचून उभी राहिले ती अजून उभीच आहे. दादाच्या वेळचंच आहे! ज्या माणसाने चिंधी पांढरी येईपर्यंत गरम भात सोडला, त्याच्या नावावर तुम्ही ती सूज लावणार? दुकानातला माणूस नळी बघून म्हणेल, काय हो, मालक अगदीच अडाणी होता. आणि तुम्ही समोर उभे राहून मान डोलावणार. रोज हार घालता त्याच हातांनी? भावजी, तुमच्या डोळ्यासाठी मी रोज दिवा लावेन, पण या एका गोष्टीसाठी तुम्हाला कधी माफ करणार नाही.

ईशानीला पत्र वाचून दाखवलं. तिला म्हटलं, बघ, तुझ्या बाबाची बंदूक, तुझ्यासाठी मी दोन महिने भांडतेय आणि हे बघ काय केलं. ती लॅपटॉप बंद करून म्हणाली, "मम्मा, आय शूट लेफ्ट. यू नो आय शूट लेफ्ट. मला ती कधीच नको होती. अँड हू टोल्ड यू आय ॲम मूव्हिंग टू पुणे? आय सेड मेबी. जायचंय तुला." मी म्हटलं, मी कशाला जाऊ? तर म्हणाली, "यू वॉन्ट दॅट रायफल. जस्ट से इट."

मी तिच्यावर इतकी भडकले की स्वयंपाकघराचं दार लावून धुतलेले कप पुन्हा धुतले.

खरं आहे तिचं. एकसष्ट वर्षांच्या विधवेने "मला बंदूक हवी" म्हटलं तर लोक हसतात. शाहबाजसुद्धा आधी हसला होता. शाळेत आम्हाला शिकवलं, काही मागायचं तर "त्रास होणार नसेल तर" म्हणून मागावं. मी जन्मभर तसंच मागितलं, आणि या वेळी तर तेवढंही नाही, मुलीचं नाव पुढे केलं. तुमच्या दादांना विचारायचं सुचलं नाही, तुम्हाला सुचलं नाही, आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. मग आता सांगते. ती रायफल मला हवी आहे. तसबिरीशेजारी ठेवायला नाही, उडवायला. यांच्यामागे मी एकही रविवार क्लबवर जायची चुकलेले नाही. तिथे गोळी सुटते तेवढा एक क्षण मी कुणाची विधवा नसते.

एप्रिलमध्ये मी पुण्याला कायमची परत येतेय. यांनी घेतलेला फ्लॅट रिकामाच आहे. तिथल्या रायफल क्लबचं सभासदत्व घेईन. शाहबाज म्हणतो, "आंटी, नवी हलकी घ्या, ही जुनी जड आहे, त्यात नळी गेलेली. खलास." मला जडच पाहिजे. हलकी रायफल माझ्या श्वासाबरोबर हलते, जड जागेवर राहते. नळी परवानगी काढून, परवाना असलेल्या कारागिराकडून बदलून घेता येते. वेळ लागेल, लागू दे. दस्ता तोच राहील. यांचा गाल टेकून टेकून त्याचं पॉलिश जिथे गेलंय, त्याच्या जरासा खाली माझा गाल येतो.

तर आता तुम्ही असं करायचं. बोल्ट वेगळा करा, काडतुसांचा डबा वेगळा घ्या आणि रायफल दुकानात न्या. कुणी उडवली, कधी उडवली, आत न बघता उडवली, हे तुमच्या तोंडाने सांगा. केस होईल कदाचित. मला ठाऊक आहे. होऊ दे. ठाण्यात पडलेला तुमचा अर्ज मागे घ्या. ईशानीने माझ्या नावाने ना-हरकत लिहून सही केली आहे. आता तुमची सही पाहिजे. कागद सोबत आहे.

त्रास होणार असेल तरी करा.

छाया

—

कोल्हापूर
१४ डिसेंबर २०२५

वहिनी,

नमस्कार.

स्मिताला मी काही बोललो नाही. ती बोलली. तीन दिवस बोलत होती.

रायफल दुकानात जमा झाली. पावती सोबत. आधी दुकानदाराने नळी हातात घेतली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "अरेरे, कुणी वाट लावली हो हिची? सूर्यकांतराव तर किती जपायचे." तो दादाला ओळखत होता, हे मला माहीत नव्हतं. मी घरून निघताना काय सांगायचं ते ठरवलं होतं, ते खरंच सांगायचं ठरवलं होतं की नाही हे तुम्हाला सांगणार नाही. पण त्याने असं म्हटल्यावर माझ्या तोंडून निघालं, "मी."

मग ठाण्यात गेलो. तिथेही लिहून दिलं. परवाना नसताना बार काढला, घरात ठेवली, सगळं. साहेब चांगले होते, पण चांगले असून काय करणार, केस लिहून घेतली. तारखा पडतील. वकील म्हणतो, तुम्ही स्वतः सांगितलंत म्हणून बरं. मला काही बरं वाटलेलं नाही. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही आणि मावसभाऊ आता बंदुकीचं नाव काढत नाही, एवढाच फायदा.

सही केली आहे. डाव्या डोळ्याचं अजून जमत नाही म्हणून तिरकी आली आहे. चालत नसेल तर पुन्हा करेन.

तुम्ही बरोबर होतात असं मी लिहिणार नाही. दादाची वस्तू या घरातून गेली याचा राग मला आहे आणि तो तुमच्यावरच आहे. स्मितासमोर, मुलांसमोर मला अडाणी ठरवलंत, तोही आहे. एप्रिलमध्ये याल तेव्हा कोल्हापूरला याल ना, असंही मी विचारणार नाही. स्मिता विचारतेय.

अर्ज मागे घेताना तिथल्या कारकुनाने कागद उलटसुलट केले. म्हणाला, "परवाना बाईंच्या नावाने? वय एकसष्ट? साहेब, खरं सांगा, त्यांना बंदूक चालवता येते का?"

मी म्हटलं, "मला येत नाही, हे सगळ्या कोल्हापूरला माहीत झालंय. त्यांचं त्यांना विचारा. पण जरा लांब उभं राहून विचारा."

सुजीत